रडलं तर खरं

माळा आवरताना आजीचं पितळी पातेलं हाती लागलं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं तिचं नाव, आत करडी झाक, आणि तळाशी जिथे रोज पळी फिरायची तिथे चंद्रकोरीएवढं उघडं पितळ.

आजीचं माहेर पुण्यात, कसब्यातल्या तांबट आळीजवळ. पेशवाईत वसलेली ही आळी. "दिवसभर ठोके चालायचे. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसली, की उलट आम्हालाच करमायचं नाही," ती सांगायची.

तांबट भांडं घडवून देई; पण तांब्यापितळेत ताक किंवा आंबट आमटी राहिली की कळकायची. म्हणून कल्हई. हा शब्द अरबी 'कलई'चा, म्हणजे कथलाचा. विलायतेत याच कथलात थोडं तांबं वगैरे मिसळून अख्खी ताटं, पेले करत. त्याला प्यूटर म्हणत. आमच्याकडे नखभर कथील पातेलंभर पुरवायचं.

कल्हईवाला अंगणात खड्डा करून कोळसे पेटवी, भाता लावी. भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकी. पांढऱ्या धुराने आम्ही पोरं खोकत सुटायचो. कथील २३२ अंशांनाच वितळतं. कांडी टेकवली की थेंब पाऱ्यासारखा पळे, आणि कापसाच्या बोळ्यामागून पिवळं पातेलं रुपेरी होत जाई. मग पाण्यात, चर्र!

आजी उंबऱ्यावरून हलत नसे. कथलात शिसं मिसळलं तर ते जेवणातून पोटात जाणार. म्हणून ती आधी कांडी मागून घेई आणि कानाशी नेऊन वाकवी. शुद्ध कथील वाकताना करकरतं. शिसं वाढलं की तो आवाज दबतो. "रडलं तर खरं," ती म्हणे.

एकदा शेजारच्या भांडणात 'पितळ उघडं पडलं' असं ऐकून मी तिला अर्थ विचारला. ती हसली. "अगं, चार-सहा महिन्यांनी सगळ्यांचंच पडतं. त्याची कसली लाज? दिसत असून त्यात ताक ठेवते, तिला वाटावी."

पुढे स्टील आलं आणि कल्हईवाल्याची हाक दारावरून गेली.

पातेलं घासलं. चंद्रकोर लख्ख झाली. त्यातच आमटी टाकायचा मोह झाला, चिंचही कोळून ठेवली होती. मग उंबऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने स्टीलचं पातेलं गॅसवर चढवलं.