वाघूरकाठचे गलबत आणि दक्षिणेची वाट

जामनेर तालुक्यातील पहूर हे गाव वाघूर नदीने दुभागले आहे. एका अंगाला पेठ, दुसऱ्या अंगाला कसबे. पाचोरा–जामनेर ही छोटी गाडी २०२० साली बंद पडेपर्यंत येथूनच जात असे, आणि एके काळी अजिंठ्याची लेणी पाहण्यास निघालेले प्रवासी पहूर स्थानकावर उतरून फर्दापूरची वाट धरीत. प्रवाशाच्या या वाटेने वाघूर उलट दिशेने येते. अजिंठ्याच्या डोंगरात सातकुंडाच्या धबधब्याने ती खाली उतरते, घोड्याच्या नालेसारख्या वळणावर कोरलेल्या लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेते, खानदेशात येऊन तापीला मिळते आणि तापीबरोबर सुरतेपलीकडे समुद्रास पोहोचते. या पात्रातून गलबत कधी वर आलेले नाही, येणे शक्यही नाही. तरीही समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत, या नदीच्या काठच्या अंधाऱ्या दालनांत, प्राचीन भारतातील जहाजांची अत्यंत बोलकी चित्रे आहेत. जहाजावर संसार मांडणे आणि जहाजावरून उतरून दक्षिणेच्या परक्या नगरीत निवांत दिवस घालवणे, या दोन अनुभवांविषयी पाचव्या शतकातील माणसे काय मानीत होती, ते या चित्रांवरून उमगते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

पहिले जहाज दुसऱ्या लेण्यातले. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. पुढे १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे हे जहाज जगभर माहीत झाले. तीन डोलकाठ्या, त्यांवर उभट शिडे, मागच्या अंगाला सुकाणूची लांब वल्ही, नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर रंगवलेला डोळा. पण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते तक्तपोशीवर ओळीने मांडलेले रांजण. चित्रकाराला वादळ दाखवायचे होते, दैवी साहाय्य दाखवायचे होते; तरी त्याने पाण्याचे रांजण वगळले नाहीत. खाऱ्या पाण्यावर महिनोन्‌महिने राहणाऱ्यांचे घर रांजणांवर चालते, हे डोंगरातल्या या कलावंताला कोणीतरी सांगितले असले पाहिजे. आणि सांगणारे येथे येतच होते. व्यापारी तांडे आणि त्यांच्या दानावर चालणारे विहार यांची सांगड दख्खनच्या सर्वच घाटवाटांवर दिसते.

चित्रातील कथा पूर्ण या व्यापाऱ्याची आहे. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथानुसार पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, दासीपुत्र. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तेथील स्तूप उकरला आणि अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही तेथे मिळाला. तेव्हा या कथेची भूमी काल्पनिक नव्हे. पूर्णाने समुद्राच्या सहा फेऱ्या केल्या होत्या. सातव्या खेपेस श्रावस्तीचे व्यापारी त्याच्या जहाजावर होते आणि रात्री व पहाटे ते मोठ्याने काही म्हणत असत. पूर्णाला वाटले, ही सुरेख गाणी आहेत. ही गाणी नव्हेत, बुद्धाचे वचन आहे, असे त्यांनी सांगितले, आणि त्या शब्दाने पूर्णाचे आयुष्य बदलले. पुढे तो भिक्षू झाला. त्याचा भाऊ भविल चंदनाच्या शोधात समुद्रावर संकटात सापडला तेव्हा पूर्ण त्याच्या जहाजावर प्रकट झाला आणि वादळ शमले.

या कथेत जहाज हे केवळ वाहन नाही. जेथे अनोळखी माणसे एकमेकांचे शब्द ऐकण्याइतकी जवळ राहतात, असे ते निवासस्थान आहे. बौद्ध परंपरेने ही गोष्ट नियमातही मान्य केली होती. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूने एका जागी राहावे, हा वर्षावासाचा दंडक. पण पाली विनयपिटकातील ‘महावग्गा’त गवळ्यांच्या गोठ्याबरोबर, व्यापारी तांड्याबरोबर आणि नावेवरही वर्षावास करण्याची अनुज्ञा आहे. नाव हलती असली तरी तिच्यावर राहणारा एका जागीच राहतो, हा यामागचा विचार विलक्षण म्हटला पाहिजे. वाघूरच्या काठी दगडात कोरलेला विहार आणि समुद्रात डोलणारे गलबत यांना या नियमाने एकाच पंक्तीत बसवले.

आता जहाजावरून उतरण्याविषयी. पश्चिम किनाऱ्यावरचे नौकानयन वाऱ्यांच्या स्वाधीन असे. पावसाळ्यात गलबते बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करायचा आणि मग हंगाम सुरू, हा कोळीवाड्यांचा रिवाज आजही त्या जुन्या वेळापत्रकाची आठवण देतो. दूर दक्षिणेस गेलेल्या माणसाला परतीचा वारा येईपर्यंत थांबणे भागच होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच, सोपारा, कल्याण अशी बंदरे सांगून लेखक दक्षिणेकडे मुझिरिस व नेल्किंडा या मिऱ्यांच्या बंदरांकडे वळतो. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तेर आणखी दहा दिवसांच्या, हा त्याचा हिशोब प्रसिद्ध आहे. नेल्किंडाजवळ नदीत गाळ असल्यामुळे जहाजे समुद्राच्या तोंडाशी नांगर टाकून माल भरीत, असेही तो नोंदवतो. व्यापाऱ्याचे बिऱ्हाड नांगरलेल्या जहाजावर आणि दिवस परक्या बाजारात, अशा जगण्याचे चित्र या कोरड्या नोंदींतून उभे राहते. त्या दिवसांत माणसाच्या मनात काय येत असे, हे मात्र पेरिप्लस सांगत नाही. ते अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पाहावयास मिळते.

सतराव्या लेण्यातील उजव्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. पाचशे सोबत्यांसह तो ताम्रद्वीपाकडे निघतो, जहाज फुटते, माणसे किनाऱ्याला लागतात. तेथे सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, घरे देतात, संसार थाटतात, मुले होतात. एकच अट असते: दक्षिणेच्या वाटेने जाऊ नये. सिंहलाला प्रश्न पडतो, आणि एका रात्री तो नेमक्या त्याच वाटेने जातो. तेथे त्याला दरवाजा नसलेले लोखंडी नगर दिसते. झाडावर चढून तो आत डोकावतो, तर आधी आलेले व्यापारी कोंडलेले. या स्त्रिया राक्षसी आहेत. नवे जहाज आले की जुन्या नवऱ्यांची रवानगी लोखंडी नगरात होते. सुटकेचा मार्ग एकच, बालाह नावाचा आकाशगामी घोडा. त्याची अट अशी की निघताना माझी बायको, माझे मूल, माझे घर असे मनात आणू नये. स्त्रिया मुलांना कडेवर घेऊन किनाऱ्यावर येतात, सोबत्यांचे मन मागे ओढ घेते, ते खाली पडतात. सिंहल एकटा परततो. पुढे त्याची राक्षसी पत्नी त्याच्या मागोमाग येऊन राजालाच भुलवते आणि खाऊन टाकते. मग सिंहल राजा होतो, सैन्य घेऊन बेटावर स्वारी करतो, आणि बेटाला त्याचेच नाव पडते: सिंहलद्वीप.

हे लेणे करविणारा राजा वाकाटक हरिषेणाचा समकालीन मांडलिक होता. तेथील शिलालेखात त्याच्या कुळाचे वर्णन आहे, आणि रविसांब या धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर तो दानधर्माकडे वळला असे सांगितले आहे. वा. वि. मिराशी यांच्या मते या कुळाचा ऋषीक देश म्हणजेच आजचा खानदेश. तेव्हा ही समुद्रकथा खानदेशच्या राजाच्या द्रव्यावर, खानदेशकडे वाहणाऱ्या नदीच्या काठी रंगली, असे म्हणण्यास हरकत नाही.

कथेचा उघड बोध वैराग्याचा आहे. आसक्ती सोडा, मागे पाहू नका. पण दोन्ही लेणी शेजारी ठेवली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जहाजावर माणूस जागा असतो; तेथे पाणी मोजून प्यावे लागते आणि पहाटे शेजाऱ्याचे शब्द कानी पडतात. नगरीत तो सुखावतो आणि झोपतो. समुद्राचे संकट दिसते, निवांतपणाचे संकट दिसत नाही, हा व्यापाऱ्यांचा अनुभव भिक्षूंनी धर्मकथेत बांधला.

आमच्या मते मात्र येथेच थांबणे अन्यायाचे होईल. ही कथा येणाऱ्याची आहे, तेथे राहणाऱ्याची नाही. वारा फिरला की निघून जाणारा नवरा आणि कडेवर मूल घेऊन किनाऱ्यावर उभी असलेली बायको, हे बंदरातले वास्तव. त्या वास्तवात कोणी कोणाला फसवले? कथेने उत्तर सोपे केले: सोडलेली स्त्री राक्षसी ठरली, म्हणजे सोडणाऱ्याच्या माथी दोष उरला नाही, आणि राक्षसींचे बेट जिंकून त्याला आपले नाव देणे हेही पुण्यच ठरले. हीच आख्याने श्रीलंकेच्या ‘महावंसा’त वेगळ्या रूपात येतात. तेथे विजय नावाचा राजपुत्र येतो, त्याला भेटणारी यक्षिणी कुवेणी आधी त्याची माणसे गिळू पाहते, पण मग त्याला राज्य मिळवून देते. दक्षिण मथुरेच्या, म्हणजे मदुरेच्या, पांड्य राजकन्येशी विवाह ठरताच विजय कुवेणीला दोन मुलांसह घालवून देतो. तिचेच लोक तिला मारतात आणि मुले डोंगरात पळून जातात. ‘महावंस’ही विजेत्याचाच ग्रंथ, तरीही येथे त्या स्त्रीला नाव आहे, आणि तिचा शेवट वाचकाच्या मनाला लागतो. सतराव्या लेण्यातील चित्रालाही पूर्वी विजयाचे लंकावतरण समजत असत. पुढील अभ्यासकांनी ते सिंहलाच्या कथेचे म्हणून निश्चित केले. ओळख बदलली, हे योग्यच झाले. पण या दोन कथांमधले अंतर विसरू नये.

चित्रकाराने काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. राक्षसींचे भेसूर रूप त्याने रंगवले, हत्तींसह उतरणारे सैन्य रंगवले. तथापि बेटावरच्या सुखाच्या प्रसंगांतील माणसांना त्याने तीच कोमल नजर, तीच अंगकांती दिली, जी याच लेण्यात अन्यत्र राजपुत्रांना आणि राण्यांना दिली आहे. त्या क्षणी त्या स्त्रिया केवळ यजमानिणी आहेत. ग्रंथकार त्यांना लगेच दोषी ठरवतो. रंग मात्र घाई करीत नाही. पहूरवरून अजिंठ्यास जाणाऱ्याने सतराव्या लेण्यातील उजव्या भिंतीपुढे उभे राहताना युद्धाचा देखावा थोडा बाजूस ठेवून आधी हे प्रसंग शोधावेत. समुद्र कधी न पाहिलेल्या प्रदेशाने दक्षिणेच्या एका नगरीची आठवण तेथे जपली आहे, आणि ती आठवण पूर्णपणे वैऱ्याची नाही.