कुत्र्याचा अंगठा आणि राजाचे हरीण

कुत्र्याच्या पुढच्या पायाच्या आतल्या अंगास, जमिनीपासून जरा वर, एक सुटे नख असते. इंग्रजीत त्यास ‘ड्यूक्लॉ’ म्हणतात. आम्ही त्यास अंगठा म्हणू, कारण शरीररचनेच्या दृष्टीने तो अंगठाच आहे. पिल्लू तीन-चार दिवसांचे असतानाच तो काढून टाकावा की राहू द्यावा, असा प्रश्न श्वानप्रेमी मंडळींत वरचेवर निघतो. दोन्ही पक्ष कुत्र्याच्या हिताची भाषा बोलतात. परंतु कुत्र्याचा पंजा माणसाने प्रथम कोणासाठी छाटला, हे पाहू लागलो की इतिहास आपणांस पशुवैद्याच्या दारी न नेता राजाच्या शिकारवनात नेतो.

नॉर्मन राजांनी इंग्लंडात स्वतःच्या शिकारीसाठी वने राखली. त्यांच्या हद्दीत नुसती झाडी नव्हती. गावे होती, शेते होती, आणि राखणीचे मोठे मॅस्टिफ कुत्रेही होते. ते राजाच्या हरणांमागे धावू नयेत म्हणून दुसऱ्या हेन्रीने ११८४ साली वुडस्टॉक येथे काढलेल्या फर्मानात त्यांचे पंजे छाटण्याचा हुकूम दिला. १२१७ च्या वनसनदेने त्यास मर्यादा घातली. दर तिसऱ्या वर्षी तपासणी व्हावी, पुढच्या पायाची तीनच नखे छाटावीत, तळव्याची गादी शाबूत ठेवावी. आणि ज्याचा कुत्रा न छाटलेला सापडेल त्याने तीन शिलिंग भरावेत. यापुढे या कामी कोणाचा बैल नेऊ नये, असेही त्या सनदेत म्हटले आहे. अर्थात तोवर बैल नेले जात होते!

जॉन मॅनवुड याने १५९८ सालच्या वनकायद्यावरील ग्रंथात कृतीही दिली आहे. आठ इंच जाडीच्या लाकडी ठोकळ्यावर पंजा ठेवावा, दोन इंच रुंदीची पटाशी लावावी आणि एका घावात तीन नखे उडवावीत. येथे छाटली जात ती जमिनीस टेकणारी बोटे. वरच्या अंगठ्याशी राजाचे काही वैर नव्हते, असेच यावरून दिसते. पुढे पुष्कळ ठिकाणी पटाशी मागे पडून दंडाची वसुलीच तेवढी उरली. सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या आम्हांस याचे नवल वाटत नाही. वनकायद्याचे उरलेसुरले अवशेष १९७१ मध्ये रद्द झाले. ही प्रथा त्यापूर्वीच लोपली होती.

अंगठ्यावर गदा आली ती निराळ्या कारणाने. काट्याकुट्यांतून धावणाऱ्या शिकारी कुत्र्याचे हे नख अडकून फाटते, असा अनुभव सांगत. तेथून ही चाल प्रदर्शनाच्या रिंगणात शिरली. तेथे तर पाय सफाईदार दिसावा एवढाच हेतू! ब्रिटनच्या १९६६ च्या पशुवैद्यक कायद्याने पिल्लाचे डोळे उघडण्यापूर्वी हे काम पशुवैद्य नसलेल्या प्रौढ माणसासही करू दिले. उलट फ्रान्समधील बोसरॉन व ब्रिआर या धनगरी जातींत मागच्या पायास दुहेरी अंगठा असणे हेच अस्सलपणाचे लक्षण. तो नसेल तर कुत्रा स्पर्धेतून बाद. आपल्याकडेही वीस नखांचा कुत्रा चांगला, असे जुनी माणसे म्हणत. सामान्य कुत्र्यास अठराच असतात, मागचे दोन अंगठे धरले की वीस.

आमचे मत असे की पुढचा व मागचा अंगठा यांत भेद केला पाहिजे. मागचा पुष्कळदा नुसत्या कातडीने लोंबत असतो. तो वारंवार दुखावत असेल तर पशुवैद्याने काढणे समजण्यासारखे आहे. पुढच्यास मात्र हाड आहे, सांधा आहे, स्नायुबंध आहेत. भरधाव कुत्रा वळतो तेव्हा तो जमिनीस टेकतो, आणि हाडूक धरून चघळताना उपयोगी पडतो. हे नख जमिनीवर झिजत नाही, म्हणून वाढून कातडीत रुतते, हे खरे. पण त्यास नखे कापण्याची साधी कात्री पुरते. आपल्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात अवयव छाटणे हा गुन्हा आहे. गुरांची शिंगे काढणे, खच्ची करणे, डाग देणे व वेसण घालणे यांस विहित पद्धतीने केल्यास त्यात सूट दिली आहे. कुत्र्याच्या अंगठ्याचे नाव त्या सुटीत नाही.