मोटारीच्या डिकीत वूफर कसा पोहोचला?

१/१६
सिग्नलपाशी शेजारी उभ्या मोटारीतले गाणे कोणते, हे कळत नाही. पण तिच्या नंबरप्लेटचा पत्रा थरथरत असतो आणि ठोका थेट आपल्या बरगड्यांत उतरतो. तो ठोका येतो डिकीतून. सुरुवातीची कित्येक वर्षे मोटार कंपन्यांनी असे काही डिकीत बसवलेच नव्हते. ते बसवले हौशी तंत्रज्ञांनी, छोट्या दुकानदारांनी आणि रात्रभर तारा ओढत बसणाऱ्या तरुणांनी. या थ्रेडमध्ये त्या ठोक्याचा इतिहास.

२/१६
आधी ‘डिकी’ या शब्दाविषयी. जुन्या मोटारींच्या मागच्या भागात, टपाबाहेर, उघडता-मिटता येणारे एक आसन असे. इंग्रजीत त्याला ‘डिकी सीट’ म्हणत. पुढे ते आसन नाहीसे झाले आणि त्या जागी सामान ठेवले जाऊ लागले. इंग्लंडमध्ये या जागेला ‘बूट’, तर अमेरिकेत ‘ट्रंक’ म्हणतात. आपल्याकडे मात्र गेलेल्या आसनाचे नाव मागे राहिले. ज्या जागेत आधी माणूस बसे, तिथे मग सामान आले आणि शेवटी आवाज आला.

३/१६
मोटारीत आवाज आला तो रेडिओच्या रूपाने. शिकागोच्या गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३० मध्ये मोटारीत बसवण्याजोगा रेडिओ बाजारात आणला. पॉल गॅल्व्हिन यांनी तो आपल्या स्टुडबेकर गाडीत बसवला आणि रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनासाठी ती गाडी अटलांटिक सिटीला नेली. ‘मोटर’ला त्या काळी ध्वनियंत्रांच्या नावांत लोकप्रिय असलेला ‘ओला’ हा शेपटा जोडून नाव ठेवले ‘मोटोरोला’. पुढे कंपनीचेच ते नाव झाले.

४/१६
पण खरी अडचण विजेची होती. त्या काळच्या बहुतेक मोटारींची बॅटरी ६ व्होल्टची, तर रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हना शंभराहून अधिक व्होल्टचा दाब लागे. प्रारंभी त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या बाळगाव्या लागत. मग ‘व्हायब्रेटर’ आला. यात धातूची एक पातळ पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरत विजेचा प्रवाह तोडे आणि जोडे; त्या तुटक प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मर वाढवून देई. या पट्टीची गुणगुण रेडिओच्या डब्यातून सतत ऐकू येई. हे यंत्र ध्यानात ठेवावे. चाळीस वर्षांनी ते दुसऱ्या रूपात परत येते.

५/१६
१९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. १९५५ मध्ये फिल्को आणि क्रायस्लर यांनी एकही व्हॉल्व्ह नसलेला मोटारीचा रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टर बॅटरीच्या दाबावरच चालत असल्यामुळे व्हायब्रेटर कालबाह्य ठरला. याच दशकात अमेरिकी मोटारी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या. रेडिओ लहान आणि थंड झाला, त्याची गुणगुणही थांबली. पण त्याच्या ताकदीला आता एक कमाल मर्यादा पडली होती.

६/१६
ती मर्यादा गणिताची आहे. इंजिन चालू असताना मोटारीत सुमारे १४ व्होल्ट मिळतात. तेवढ्या दाबावर ४ ओहमच्या एका स्पीकरला, जोडणी कितीही चतुराईने केली तरी, सलगपणे सुमारे २० वॉटच देता येतात. (रेडिओच्या खोक्यावर ‘५० वॉट’ छापलेले असते, ती क्षणभराची कमाल असते.) बोलण्याला किंवा गाण्याच्या वरच्या सुरांना २० वॉट पुष्कळ झाले. खर्जाचे तसे नाही. कंप्रता निम्मी केली की तेवढाच आवाज काढण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर हलावे लागते.

७/१६
दुसरा प्रश्न जागेचा होता. दमदार खर्जासाठी कपाटाएवढी पेटी हवी, असा फार काळ समज होता. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये तो मोडला. छोट्या हवाबंद पेटीत कोंडलेली हवाच त्यांनी स्प्रिंगसारखी वापरली. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये, आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी, पेटीचे मोजमाप सूत्रांत बसवले. आज वूफरसोबत येणाऱ्या कागदावरचे ‘थील-स्मॉल’ आकडे ते हेच. अंदाजाने होणारे सुतारकाम आता हिशेबाने करता येऊ लागले.

८/१६
आणि मोटार ही खर्जाला फार अनुकूल जागा निघाली. ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेआठ मीटरहून अधिक असते, म्हणजे मोटारीच्या दुप्पट. असा तरंग आतल्या जागेत मावत नाही. त्याऐवजी आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वर-खाली होतो आणि खर्ज आपोआप वाढतो. शिवाय इतका खालचा सूर कोणत्या दिशेने येतो हे कानाला नीट कळत नाही. त्यामुळे वूफर पाठीमागे, आसनाच्या पलीकडे ठेवला तरी बिघडत नाही. पेटीला जागा हवी होती आणि डिकी रिकामी होती.

९/१६
उरला प्रश्न ताकदीचा. अमेरिकेतल्या ॲरिझोनात जिम फॉसगेट यांनी १९७३ मध्ये मोटारीसाठी स्वतंत्र ॲम्प्लिफायर बनवला. खर्ज आणि वरचे सूर उठावदार करणाऱ्या त्यातल्या सोयीला त्यांनी ‘पंच’ असे नाव दिले. अशा ॲम्प्लिफायरांच्या पोटात व्हायब्रेटरचाच वारस बसलेला असतो. थरथरणाऱ्या पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर येतात आणि सेकंदाला हजारो वेळा प्रवाह तोडून १२ व्होल्टचा दाब कित्येक पटींनी वाढवतात. ट्रान्झिस्टरने जे यंत्र हद्दपार केले होते, ते ट्रान्झिस्टरच्याच हातून परत आले.

१०/१६
आता या ताकदीला साजेसे संगीत हवे होते. तबकडीवर खोल खर्ज जास्त कोरला तर सुई उडे. कॅसेटमध्ये सरसर फार. १९८४ मध्ये सोनी आणि पायोनियर यांनी मोटारीत बसणारे सीडी प्लेयर आणले आणि ती अडचण सरली. त्याच सुमारास मोटार कंपन्याही जाग्या झाल्या होत्या. अमर बोस यांच्या कंपनीने जनरल मोटर्ससाठी बनवलेली ध्वनियंत्रणा १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये मिळू लागली. पण ती महागड्या गाडीतल्या ग्राहकासाठी होती. जुनी गाडी विकत घेणाऱ्या मुलाचे काय?

११/१६
त्याच्या मदतीला एक अपयशी ठरलेले यंत्र आले. जपानच्या रोलँड कंपनीचे ‘टीआर-८०८’ हे ताल वाजवणारे यंत्र १९८० मध्ये निघाले आणि १९८३ मध्ये बंद झाले. जेमतेम १२,००० नग बनले. त्याचा ढोल खऱ्या ढोलासारखा वाजत नाही, अशी तक्रार होती. तो खोल, सुमारे ५० हर्ट्झच्या आसपास, लांबवर घुमत राही. जुन्या बाजारात स्वस्त झालेले हे यंत्र तरुण संगीतकारांच्या हाती आले. मायामीत त्यातून ‘मायामी बेस’ हा बाज उभा राहिला. त्याचे खरे वाद्यगृह मोटारीची डिकी हेच होते.

१२/१६
आता दुकानातले काम पाहू. ५०० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात चालला तर, त्याच्या जातीप्रमाणे, बॅटरीतून ५० ते ७० अँपिअर ओढू शकतो. आपल्या गिझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे बोटाएवढी जाड तार का लागते ते कळते. ही तार बॉनेटखालच्या बॅटरीपासून लोखंडी पडद्याच्या भोकातून आत येते आणि पायपुसण्याखालून डिकीत जाते. भोकाच्या कडेवर ती घासली तर गाडी पेट घेऊ शकते. म्हणून भोकाला रबरी कडे आणि बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरावर फ्यूज, हा या धंद्यातला पहिला नियम.

१३/१६
दुसरा नियम अर्थिंगचा. परतीची तार गाडीच्या पत्र्याला जोडायची, पण आधी रंग खरवडून धातू उघडा करायचा. ही जोडणी सैल राहिली की इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते. संगीताची बारीक तार विजेच्या तारेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यायची, तीही याच भीतीने. आणखी एक बारीक तार रेडिओपासून निघते. रेडिओ सुरू झाला की तीच ॲम्प्लिफायरला जागे करते. ती चुकली तर ॲम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.

१४/१६
हे सारे ज्ञान महाविद्यालयातून आले नाही. ते दुकानाच्या ओट्यावर, मासिकांतून आणि एकमेकांच्या चुकांमधून पसरले. सर्वांत मोठा आवाज कोणाचा, याच्या स्पर्धा भरू लागल्या. १९९० मध्ये एलएल कूल जे या रॅप गायकाने गाडीतल्या घुमणाऱ्या ध्वनियंत्रणेवर एक अख्खे गाणेच केले. पण खर्ज भिंतीने अडत नाही. मोटारीतली खाजगी मैफल शेजाऱ्याच्या झोपेच्या खोलीत शिरली आणि एकामागून एक शहरांनी, राज्यांनी कायदे केले.

१५/१६
फ्लोरिडाचा कायदा असा: गाडीतला आवाज २५ फुटांवर स्पष्ट ऐकू आला की दंड. मात्र धंद्यासाठी किंवा राजकीय प्रचारासाठी आवाज करणाऱ्या गाड्यांना सूट. २००७ मध्ये दंड झालेल्या एका वकिलाने हा कायदाच न्यायालयात नेला. डिसेंबर २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला. आवाजावर मर्यादा घालूच नये, असे न्यायालयाने म्हटले नाही. प्रचाराचा भोंगा चालतो आणि त्याच पातळीचे गाणे चालत नाही, हा भेद त्याला अमान्य होता.

१६/१६
महाराष्ट्रात मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना ‘डॉल्बी’ म्हणतात. त्यांचा त्या नावाच्या कंपनीशी संबंध नाही, नाते आहे ते याच खर्जाशी. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी फुटांऐवजी मीटर निवडला: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पण हे डेसिबल कानाच्या संवेदनेनुसार मोजले जातात आणि त्या पद्धतीत ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. खिडकीची काच थरथरते, घरातला आजारी माणूस दचकतो, आणि मीटरवरचा आकडा मात्र त्या मानाने लहान राहतो. फ्लोरिडाच्या कायद्याने आवाज कोणाचा ते पाहिले. आपला मीटर कानाला किती ऐकू आले ते पाहतो. शरीराला काय जाणवते, ते मोजण्याचे माप यांपैकी एकाही कायद्यात नाही.