वाळकेश्वरचा रामा कामती आणि १७२० चा खटला

गिरगाव चौपाटीवरून मलबार टेकडी चढून गेले की बाणगंगेजवळ वाळकेश्वराचे देऊळ लागते. पोर्तुगीज अमलात उद्ध्वस्त झालेले हे देवस्थान १७१५ च्या सुमारास पुन्हा उभारले, ते रामा कामती या सारस्वत धनिकाने. (आडनाव मूळचे कामत, कामाठीपुऱ्यातील कामाठ्यांशी त्याचा संबंध नाही.)

इंग्रजांच्या मुंबईत कामतींचा दबदबा मोठा होता. पदरी संपत्ती, ज्ञातीचे पुढारपण आणि कंपनीच्या चाकरीतील भंडारी शिपायांवर हुकमत. १७१८ च्या नाताळात किल्ल्यातील सेंट थॉमस चर्च खुले झाले, तेव्हा आपल्या ज्ञातिबांधवांसह ते प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभे राहिले. ही नोंद खुद्द पाद्री रिचर्ड कॉब याची आहे.

गव्हर्नर होता चार्ल्स बून. त्याने मुंबईची तटबंदी पुरी केली, आरमार वाढवले. पण कान्होजी आंग्रे काही हाती लागेनात. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला फसला, १७१८ मध्ये खांदेरीवर. एवढी सज्जता असूनही पराभव का, या प्रश्नाचे सोपे उत्तर एकच होते: घरात फितुरी आहे.

१७२० मध्ये कामतींवर खटला उभा राहिला. आंग्र्यांशी गुप्त संधान बांधल्याचा आरोप. पुरावा म्हणून त्यांच्या नावाची पत्रे. त्यांचा कारकून गोविंदजी याच्या अंगठ्यांना लोखंडी पेच आवळून कबुली घेण्यात आली. ती ग्राह्य धरली गेली, यातच खटल्याची लायकी दिसते. शिक्षा झाली जन्मठेपेची, आणि सारी मालमत्ता कंपनीने जप्त केली. कामतींचा काटा निघाला, तरी आंग्रे अजिंक्यच राहिले: त्याच वर्षी विजयदुर्गावर आणि पुढच्या वर्षी पोर्तुगिजांच्या साथीने कुलाब्यावर झालेली स्वारीही निष्फळ ठरली.

१७२२ मध्ये बून मायदेशी परतला. हिंदुस्थानात कमावलेल्या पैशावर जमीनजुमला आणि पार्लमेंटची जागा मिळवणे, हा त्या काळच्या कंपनी अधिकाऱ्यांचा ठरलेला मार्ग. १७२७ मध्ये बूनही लडगर्शल येथून निवडून आला. दुसऱ्याच वर्षी, १७२८ मध्ये, कामती मुंबईच्या कैदेत मरण पावले.

ती पत्रे बनावट होती, हे पुढे उघड झाले.