एवढीशी टोपी

काडतूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती पुढची टोकदार गोळी. जाणकार माणूस मात्र काडतूस हातात आलं की आधी उलटं करून त्याचं बूड बघतो. बुडाच्या मधोमध मसुराच्या दाण्याएवढी एक धातूची वाटी घट्ट बसवलेली असते. तिचं नाव प्रायमर. आपण तिला टोपी म्हणू. फायरिंग पिनचा फटका या टोपीवर बसतो, आतला मसाला भडकतो, ती ज्वाळा भोकातून आत शिरते आणि मग दारू पेटते. थोडक्यात, बाकी सगळा जामानिमा हिच्या भरवशावर!

अमेरिकेत उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या फेकून न देता त्या घरी पुन्हा भरण्याचा छंद अनेकांना असतो. (आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, त्यामुळे हे प्रकरण आपल्याला अपरिचित.) या छंदिष्टांचा एक न संपणारा वाद म्हणजे लहान रायफलच्या काडतुसाला कुठली टोपी वापरायची? डब्यांवर नुसते आकडे असतात. सीसीआयचा ४००, ४५०, ४१, रेमिंग्टनचा साडेसहा, साडेसात. दिसायला सगळ्या जुळ्या बहिणी. मग एवढा काथ्याकूट कशाला?

त्याचं उत्तर शोधायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हा बंदूक चकमकीची होती. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी बाहेरच्या छोट्या पाळ्यातल्या दारूवर पडायची, ती पेटून आग नळीतल्या दारूपर्यंत जायची. या बाहेरच्या चिमूटभर दारूला आपल्याकडे छान शब्द होता, रंजक. (मनोरंजनाशी गल्लत करू नका!) रंजक उघड्यावर असल्यानं वारा, पाऊस, दमट हवा, काहीही झालं की बार फुसका.

१८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं पाऱ्यापासून बनणाऱ्या एका भयंकर स्फोटक क्षाराची माहिती प्रसिद्ध केली. याला ठिणगी लागत नव्हती, नुसता घाव पुरत होता. पण तो इतका तापट की खुद्द हॉवर्डही प्रयोग करताना जखमी झाला. अशा घावानं पेटणाऱ्या मसाल्याला बंदुकीत कामाला लावलं ते एका धर्मोपदेशकानं! स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे रेव्हरंड अलेक्झांडर फोर्साइथ शिकारीचे शौकीन. रंजक पेटल्याचा भपका दिसला की गोळी पोचायच्या आत बदकं सावध व्हायची. त्यावर उपाय म्हणून त्यांनी घावानं पेटणारी कळ बनवली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे कुणीतरी तो मसाला तांब्याच्या टोपीत भरला. ते श्रेय नेमकं कुणाचं यावर भांडणं झाली, ती आपण सोडून देऊ.

सरकारी खातं कुठलंही असो, पुराव्याशिवाय हलत नाही. १८३४ मध्ये इंग्लंडात वुलविचला दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून ६,००० बार काढून पाहिले. चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा फसल्या, टोपीच्या ३६ वेळा. म्हणजे एकीकडे दर सहा-सात बारांमागे एक फुकट, तर दुसरीकडे दीडशेहून जास्त बारांमागे एक.

कागदावरच्या या आकड्यांचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते १८४१ च्या मे महिन्यात दिसलं. पहिलं अफूयुद्ध चालू होतं. कॅन्टन शहराबाहेर ३७व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची एक तुकडी मुसळधार पावसात मुख्य फौजेपासून तुटली. हजारो संतप्त गावकऱ्यांनी तिला घेरलं. शिपायांच्या हातात चकमकीच्या बंदुका, रंजक चिंब भिजलेलं, बार निघेचना. संगिनी रोखून ते कसेबसे उभे राहिले. शेवटी टोपीच्या बंदुका असलेले नौदलाचे सैनिक शोधायला आले आणि त्यांची सुटका झाली. पाऊस दोघांवर सारखाच पडत होता. फरक होता तो तांब्याच्या टोपीचा. आणि ती कुणाला आधी मिळाली होती, याचाही. भारतातून नेलेले शिपाई अजून जुन्याच हत्यारांवर होते. इतिहासात ही घटना बहुधा नव्या तंत्राचा विजय म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती चिखलात उभ्या असलेल्या, दुसऱ्याच्या युद्धात सापडलेल्या त्या माणसांची गोष्ट वाटते.

१८५७ मध्ये गाजलेली एनफिल्ड हीदेखील टोपीचीच बंदूक. वाद काडतुसाच्या चरबीवरून झाला, टोपीवरून नव्हे. पण तिच्यात कागदी काडतूस, गोळी ठासणं आणि टोपी बसवणं ही वेगवेगळी कामं होती. ती सगळी एकत्र आणली धातूच्या काडतुसानं. १८६६ मध्ये दोन माणसांनी टोपी काडतुसाच्या बुडातच बसवण्याच्या दोन रीतींची पेटंटं घेतली. टोपीतला मसाला चिरडायला खाली ऐरण लागते. अमेरिकन बर्डननं ती पुंगळीतच घडवली आणि तिच्या बाजूला बारीक भोकं ठेवली. इंग्रज बॉक्सरनं ऐरण टोपीत घातली आणि पुंगळीला मधोमध एकच भोक ठेवलं. गंमत म्हणजे अमेरिकेनं इंग्रजाची रीत उचलली आणि युरोपात अमेरिकन माणसाची रुजली! मधलं भोक असलं की सरळ सळई घालून जुनी टोपी ढकलून काढता येते. घरी काडतुसं भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, त्याला हे भोकही कारण आहे. (आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे याच घडामोडींच्या काळातला.)

पण टोपीची प्रत्येक सुधारणा नवं बिल घेऊन येते. धूर न करणारी नवी दारू आल्यावर टोपीतला पारा पुंगळीच्या पितळात मुरू लागला आणि पुंगळ्या ठिसूळ होऊ लागल्या. पारा काढून दुसरा मसाला आणला, तर त्याच्या जळण्यातून मिठासारखा क्षार नळीत राहायचा, तो हवेतलं पाणी ओढायचा आणि नळीला गंज चढायचा. सैनिकांच्या पिढ्या पाण्यानं नळ्या धूत बसल्या. गंज न आणणाऱ्या टोप्या बाजारात आल्या त्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकन सैन्यानं मात्र जुना मसाला दुसऱ्या महायुद्धातही बहुतेक काडतुसांत चालू ठेवला. कारण एकच, तो वर्षानुवर्षं साठवूनही दगा देत नाही याची त्यांना खात्री होती.

आता त्या डब्यांकडे वळू. लहान रायफलची टोपी आणि लहान पिस्तुलाची टोपी, दोन्हींचा व्यास ४.४५ मिलिमीटर. एकीच्या जागी दुसरी सहज बसते आणि धोका इथेच आहे. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात दाब दर चौरस इंचाला ३५,००० पौंडांपर्यंत जातो, तर पॉइंट २२३ रायफलीच्या काडतुसात ५५,००० पर्यंत. पिस्तुलाच्या टोपीची पातळ वाटी तिथे फुटू शकते आणि तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या दिशेनं येतो. रायफलच्या टोप्यांतही भेद आहेतच. साडेसहा नंबरची वाटी साधारण अर्ध्या मिलिमीटरची. ती पॉइंट २२ हॉर्नेटसारख्या सौम्य काडतुसांसाठी. साडेसातची सव्वापट जाड.

याच्या उलट बाजूचाही धोका आहे. एआर-१५ घराण्याच्या रायफलीत फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट धाडकन बंद झाला की ती पुढे सरकून टोपीला हलकासा टोला देते. टोपी फार हळवी असेल तर चापाला बोटही न लावता बार! १९६३ च्या सुमारास हा दोष लक्षात आला, तेव्हा पिन हलकी केली गेली. सीसीआयची ४१ नंबरची टोपी अशाच बंदुकांसाठी मुद्दाम जरा निबर ठेवलेली असते.

म्हणजे फोर्साइथना हवी होती झटकन पेटणारी टोपी, आणि आजचा माणूस शोधतो ती झटकन पेटणारी, पण उगाच न पेटणारी. फार निबर केली तर ऐन वेळी फुसकी, फार हळवी केली तर अवेळी बार. प्रत्येक बंदुकीसाठी यातला मधला बिंदू वेगळा, म्हणून ‘सर्वोत्तम टोपी कुठली?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘कुठल्या बंदुकीत, किती दाबाला?’ असं विचारलं की उत्तर सापडतं. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कुणी या वाटेला गेलं असेल, तर भरणीच्या पुस्तकात जी टोपी सांगितली आहे तीच वापरा, आणि ती बदलली तर दारूचं माप पुन्हा खालून सुरू करा.

असो. जाता जाता एक विनंती. रंजक, ठासणी, तोडा, केप असे शब्द कोकणातल्या जुन्या घरांमधून अजून ऐकू येतात. तुमच्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यातले असे आणखी शब्द आठवत असतील तर जरूर कळवा. बंदुका राहोत न राहोत, शब्द तरी राहायला हवेत.