उघडत नसलेली फाईल आणि उर्दूचा संगणकीय इतिहास

2015 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या मरहूम उस्तादांची मुलगी घरी आली आणि म्हणाली, "भाई, अब्बाकी गानों की किताब छपाने की है. तुमारे कंप्यूटर में है ना?" मी लगेच हो म्हणालो.

ही किताब म्हणजे मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत हळदीला, मेंदीला आणि मुलगी सासरी निघताना बायका म्हणतात त्या दखनी गाण्यांचा संग्रह. उस्ताद सुट्टीच्या दिवसांत खेड्यापाड्यांत जायचे, म्हाताऱ्या बायकांसमोर बसायचे आणि ऐकलेलं वहीत उतरवून घ्यायचे. बीएड करून मी नोकरीला लागलो, तेव्हा त्या वह्या मी उर्दूत टाइप केल्या. काम संपल्यावर वह्या रद्दीत गेल्या. "आता कॉम्प्युटरमध्ये आहे, वह्या कशाला ठेवायच्या?" असं उस्तादांना मीच म्हणालो होतो.

रात्री फाईल शोधली. ती सापडली, पण उघडेना. मध्यंतरी माझ्याकडे विंडोज 7 चा नवा संगणक आला होता आणि जुनं उर्दू सॉफ्टवेअर त्यावर चालत नव्हतं. एखादी फाईल एकाच सॉफ्टवेअरवर इतकी अवलंबून का असते, हा प्रश्न मला त्या रात्री पहिल्यांदा पडला. त्याचं उत्तर उर्दू छपाईच्या इतिहासात आहे.

उर्दू नस्तालीक लिपीत लिहिली जाते. या लिपीत अक्षरं शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतात आणि शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो. देवनागरीचे शिशाचे खिळे जुळवता आले, तसे नस्तालीकचे नीट जुळवता आले नाहीत. म्हणून विसाव्या शतकात बराच काळ उर्दू वर्तमानपत्रं कातिबाच्या हातून उतरत राहिली. कातिब मजकूर लिहायचा आणि त्यावरून छपाई व्हायची. चेन्नईचं 1927 साली सुरू झालेलं 'द मुसलमान' हे दैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिलं जात होतं.

हे चित्र 1981 साली बदलू लागलं. पाकिस्तानातले खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर 'नूरी नस्तालीक' तयार केलं. त्यांनी सुटी अक्षरं जोडण्याऐवजी जोडलेले तुकडेच हाताने लिहिले, सुमारे 20,000. त्याच वर्षी लाहोरचा 'जंग' या पद्धतीने संगणकावर जुळवून निघाला. पण ती यंत्रं महागडी होती. लहान प्रेसपर्यंत नस्तालीक पोचलं ते दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअर या कंपनीने 1994 च्या सुमारास आणलेल्या 'इनपेज'मुळे. साध्या विंडोजवर चालणाऱ्या या प्रोग्रामने भारतातली आणि पाकिस्तानातली उर्दू छपाई बदलून टाकली.

त्या काळातल्या अशा प्रोग्रामांना एक मर्यादा होती. जगातल्या लिप्यांना एकच क्रमांकपद्धत देणारं युनिकोड 1991 साली आलं होतं, पण रोजच्या वापरात ते रुळलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक प्रोग्राम अक्षरांना स्वतःचे क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकांचा अर्थ त्यालाच कळायचा. मराठी वाचकांना हे नवं नाही. शिवाजी किंवा किरण फॉण्टमधली जुनी फाईल तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. मजकूर जागेवर असतो, पण वाचता येत नाही.

आता दुसरी बाजू. नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली की जुने प्रोग्राम का बंद पडतात? प्रोग्राम स्वतः फार थोडं करतो. फाईल उघडणं, पडद्यावर अक्षर काढणं, प्रिंटरला मजकूर पाठवणं ही कामं तो सिस्टीमकडून करवून घेतो. सिस्टीमच्या सवयी बदलल्या की तो अडखळतो.

सिस्टीम बनवणाऱ्यांना हे माहीत असतं. जोएल स्पोल्स्की या प्रोग्रामरने 2004 साली याचा एक किस्सा लिहिला होता. सिमसिटी हा लोकप्रिय खेळ मोकळी करून दिलेली मेमरी पुन्हा वाचायचा. ही चूक खेळाची होती. जुन्या विंडोजवर ती खपून जायची, विंडोज 95 वर खेळ कोसळला असता. मग विंडोज 95 मध्येच अशी सोय केली गेली, की सिमसिटी चालू असेल तर मेमरी वेगळ्या रीतीने हाताळायची. एका खेळासाठी अख्ख्या सिस्टीमने वाट वाकडी केली!

पुढे विंडोज एक्सपीत 'कम्पॅटिबिलिटी मोड' आला. प्रोग्रामवर राइट क्लिक करून तो निवडला, की नवी सिस्टीम त्या प्रोग्रामपुरतं आपण जुनीच असल्याचं भासवते. विंडोज 7 च्या वरच्या आवृत्त्यांसाठी 'एक्सपी मोड' होता, म्हणजे नव्या संगणकाच्या आत चालणारा एक आभासी एक्सपी संगणक.

पण सिमसिटी लाखो लोक खेळत होते. गावातल्या प्रेसमध्ये चालणाऱ्या उर्दू प्रोग्रामसाठी कोण वाट वाकडी करणार? यात कुणाचा द्वेष नाही, हा संख्येचा हिशेब आहे. म्हणून लहान भाषिक समाजांना आपली काळजी आपणच घ्यावी लागते.

मी आधी कम्पॅटिबिलिटी मोड वापरून पाहिला. प्रोग्राम बसला, पण डोंगल ओळखेना. डोंगल म्हणजे पेनड्राइव्हसारखी किल्ली, ती लावल्याशिवाय असे प्रोग्राम उघडत नाहीत. माझा नवा विंडोज 64 बिटचा होता आणि किल्लीचा ड्रायव्हर 32 बिटचा. साधे 32 बिटचे प्रोग्राम 64 बिट विंडोजवर चालतात, ड्रायव्हर मात्र चालत नाहीत. कम्पॅटिबिलिटी मोड तिथे काहीच करू शकत नाही.

मग एका माजी विद्यार्थ्याच्या मदतीने एक्सपी मोड बसवला. एक्सपीची देखभाल 8 एप्रिल 2014 रोजी संपली होती, म्हणून त्याला इंटरनेटपासून तोडून ठेवलं. किल्ली त्या आतल्या एक्सपीला जोडली आणि फाईल उघडली. पडद्यावर पहिलं हळदीचं गाणं दिसलं तेव्हा मी "अलहमदुलिल्लाह" मोठ्याने म्हणालो, घरातले जागे झाले.

काम तिथे संपलं नाही. मजकूर पुन्हा अडकू नये म्हणून तो युनिकोडमध्ये आणला. त्यात कुठे दोन शब्द चिकटले, कुठे छोटी हे आणि दोचश्मी हे यांची अदलाबदल झाली. उर्दूच्या पुस्तकी शब्दांत अशी चूक लगेच कळते. दखनीतला एखादा शब्द मात्र एकाच गावात चालणारा असतो, तो कोशात नसतो. खरं तर तो वहीत पाहायचा, पण वही मीच रद्दीत घातली होती.

शेवटी उस्तादांची मुलगी आणि तिच्या दोन खाला आमच्या घरी आल्या. मी ओळ वाचायचो, त्या गाऊन पाहायच्या. चालीत बसला तो शब्द ठेवला. चार-पाच दुपारी गेल्या. बहुतेक गाणी जुळली, विदाईच्या एका गाण्यातल्या दोन ओळी मात्र कुणालाच आठवल्या नाहीत. किताबीत तिथे टिंबं आहेत.

आपल्या मदरशांत, अंजुमनांत, जुन्या प्रेसमध्ये अशा फायली अजून पडून आहेत. मासिकांचे अंक, मुशायऱ्यांचे वृत्तांत, कुणाची आत्मचरित्रं. त्यांना उघडू शकणारा एखादा जुना संगणक कोपऱ्यात धूळ खात असेल, तर तो भंगारात देण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्या. इनपेजच्या पुढच्या आवृत्त्या युनिकोड जाणतात, विंडोज 8 पासून तर नस्तालीक फॉण्ट विंडोजबरोबरच येतो. आणि मूळ कागद असेल, तर तो मजकूर तपासून होईपर्यंत तरी फेकू नका.