विजेत्या विल्यमचे पुत्र : नॉर्मन वारसासंघर्षाचा पुनर्विचार (इ.स. १०८७ ते ११०६)

इ.स. १०६६ मधील हेस्टिंग्जच्या लढाईनंतर नॉर्मंडीचे ड्यूकपद व इंग्लंडचे राजपद विल्यम या एकाच व्यक्तीकडे आले. ९ सप्टेंबर १०८७ रोजी रूआँ येथे त्याचे निधन झाले आणि ही सत्ता पुन्हा विभागली गेली. वडिलोपार्जित नॉर्मंडी थोरला पुत्र रॉबर्ट कर्टहोज याजकडे राहिली. तलवारीने जिंकलेले इंग्लंड विल्यम रूफस यास मिळाले. धाकट्या हेन्रीच्या वाट्यास भूमी नव्हे, तर केवळ रोख द्रव्य आले.

या विभागणीचा खरा जाच सरदारवर्गास झाला. अनेक घराण्यांच्या जमिनी खाडीच्या दोन्ही तीरांवर होत्या. एका भावाशी इमान राखावे, तर दुसऱ्याच्या प्रदेशातील जमीन धोक्यात येई. इ.स. १०८८ मध्ये बायोचा बिशप ओडो याच्या नेतृत्वाखाली रॉबर्टच्या बाजूने झालेले बंड याच पेचातून उद्भवले. ते फसले. इ.स. १०९१ मध्ये दोघा थोरल्यांनी तह करून हेन्रीस माँ-सँ-मिशेल येथे वेढले. पुढे इ.स. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धास जाण्यासाठी रॉबर्टने १०,००० मार्कांच्या मोबदल्यात नॉर्मंडी रूफसकडे गहाण ठेवली.

२ ऑगस्ट ११०० रोजी शिकारीत बाण लागून रूफस मरण पावला. रॉबर्ट अद्याप परतला नव्हता. हेन्रीने विंचेस्टरचा खजिना ताब्यात घेतला व तिसऱ्याच दिवशी राज्याभिषेक करविला. इ.स. ११०१ मध्ये रॉबर्ट सैन्यासह इंग्लंडमध्ये उतरला. परंतु ३,००० मार्कांच्या वार्षिक तनख्यावर त्याने मुकुटाचा हक्क सोडला. २८ सप्टेंबर ११०६ रोजी तँशब्रे येथे तो पराभूत झाला आणि इ.स. ११३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत बंदिवासात राहिला.

बखरकारांनी रॉबर्टच्या पराभवाचे खापर त्याच्या आळसावर व उधळेपणावर फोडले. तथापि ऑर्डरिक विटॅलिस व माम्सबरीचा विल्यम यांचे लेखन हेन्रीच्या कारकिर्दीत व तिच्या लगतच्या काळात झाले, हे विसरता येत नाही. अँटिओक व जेरुसलेम येथे लढलेला रॉबर्ट केवळ नाकर्ता ठरत नाही. थोरल्या पुत्राचा अग्रहक्क तेव्हा निर्विवाद झालेला नव्हता. म्हणून खजिना, अभिषेक व सरदारांचा पाठिंबा प्रथम मिळविणाराच वारस ठरला. मात्र तँशब्रेने मूळ प्रश्न सोडविला नाही. इ.स. ११२० मध्ये हेन्रीचा एकमेव औरस पुत्र समुद्रात बुडाला आणि इ.स. ११३५ मध्ये हेन्रीच्या मृत्यूनंतर तोच वारसाप्रश्न पुढील पिढीपुढे पुन्हा उभा राहिला.